दारावरचे संत : धर्मबंधू अल्फान्सस रॉड्रिग्ज

ऑक्टोबर महिना पवित्र मरियेच्या जपमाळेचा. या महिन्याच्या अखेरच्या दिवशी, सर्व संतांच्या सणाच्या आदल्या दिवशी, येशूसंघाच्या मठांतून एका द्वाररक्षकाचा सण साजरा केला जातो. त्यांचे नाव संत अल्फान्सस रॉड्रिग्ज. आपल्या भाविकांच्या कानी हे नाव क्वचितच पडते, आणि यात नवल नाही. या संताने कोणत्या संघाची स्थापना केली नाही, धर्मासाठी रक्त सांडले नाही, सभा गाजवल्या नाहीत. स्पेनच्या एका बेटावरील कॉलेजच्या दाराशी ते उभे राहिले. कोणी दार ठोठावले की उघडायचे, निरोप घ्यायचा, निरोप पोहोचवायचा, पुन्हा दाराशी यायचे. वर्षानुवर्षे एवढेच.

श्रद्धा दैनंदिन जीवनात उतरावी असे आम्ही धर्मगुरू प्रवचनांतून नेहमी सांगतो. भाविक ऐकतात, मान डोलावतात आणि घरी जाताना मनात म्हणत असावेत की हे मठात राहणाऱ्यांना जमेल, आम्हांला घरसंसार आहे, सकाळची गाडी पकडायची आहे. अशा वाचकांसमोर अल्फान्सस यांचे चरित्र ठेवावेसे आम्हांला वाटते, कारण वयाच्या चाळिशीच्या आसपास येईपर्यंत तेही प्रापंचिकच होते आणि त्यांचा प्रपंच सुखाचा झाला नव्हता.

आधी एक खुलासा. अल्फान्सस रॉड्रिग्ज या नावाचे दोन समकालीन येशूसंघीय होऊन गेले. ख्रिस्ती परिपूर्णतेच्या साधनेवरील जो जाडजूड ग्रंथ एके काळी सेमिनरींतून आणि कॉन्व्हेंटांतून आवर्जून वाचला जाई, त्याचे लेखक दुसरे. ते विद्वान धर्मगुरू होते व १६१६ साली वारले. आमच्या चरित्रनायकाने छापण्यासाठी एक ओळही लिहिली नाही. तरीही जाणत्या मंडळींकडूनदेखील या दोघांची गल्लत होते.

अल्फान्सस यांचा जन्म सुमारे १५३२ साली स्पेनमधील सेगोव्हिया येथे झाला. हे शहर त्या काळी लोकरीच्या आणि लोकरी कापडाच्या व्यापारासाठी प्रसिद्ध होते. वडील दिएगो हे त्याच धंद्यातले प्रतिष्ठित व्यापारी. घर मुलाबाळांनी भरलेले, भाविक आणि अतिथ्यशील. सेगोव्हियात आलेल्या पीटर फेबर या येशूसंघीय धर्मगुरूंचा मुक्काम त्यांच्या घरी पडला आणि प्रथम ख्रिस्तप्रसादासाठी बाळ अल्फान्ससची तयारी फेबर यांनीच करून घेतली. हे फेबर म्हणजे संत इग्नाशियस यांच्या पहिल्या सोबत्यांपैकी एक. पॅरिसच्या विद्यापीठात शिकत असताना संत फ्रान्सिस झेवियर आणि ते एकाच खोलीत राहत असत. त्यांपैकी एक मित्र गोव्याच्या वाटेने निघाला आणि पुढे आपल्या वसईलाही त्याचे पाय लागले. दुसरा युरोपातच पायपीट करत राहिला आणि एका व्यापाऱ्याच्या मुलाला प्रार्थना शिकवून गेला. फेबर यांना २०१३ साली पोप फ्रान्सिस यांनी संत म्हणून घोषित केले.

पुढे शिक्षणासाठी अल्फान्सस यांना थोरल्या भावाबरोबर अल्काला येथे येशूसंघीयांकडे पाठवण्यात आले. तेथे जेमतेम वर्षही झाले नसेल तोच वडील निवर्तले. भाऊ शिकत राहिला, अल्फान्सस यांना मात्र दुकान सांभाळण्यासाठी परतावे लागले. थोरल्याने शिकावे आणि धाकट्याने गल्ल्यावर बसावे, ही गोष्ट आपल्याकडील किती घरांतून घडली आहे हे सांगायला नको.

पंचविशी ओलांडल्यावर मारिया सुआरेझ या मुलीशी त्यांचा विवाह झाला. तीन मुले झाली. त्यानंतरच्या थोड्या वर्षांत जे घडले ते कागदावर उतरवतानाही हात अडखळतो. पत्नी गेली. मुले एकामागून एक गेली. तिसरे आणि शेवटचे मूलही गेले. धंद्यालाही उतरती कळा लागली. एकेकाळी माणसांनी गजबजलेल्या त्या घरात हा तरुण विधुर आपल्या अविवाहित बहिणींसह उरला.

एवढ्या दुःखातून माणूस एक तर देवाकडे पाठ फिरवतो, नाही तर देवाला बिलगतो असे आपण सहज म्हणून जातो. अल्फान्सस यांच्या बाबतीत हे एका रात्रीत घडले नाही. मनन-प्रार्थना कशी करावी हे त्यांना या बहिणींनी शिकवले, कोणा धर्मपंडिताने नव्हे. हातात जपमाळ घेऊन तिच्या रहस्यांवर चिंतन करत बसायचे, हाच त्यांचा धडा. आपल्या घरांतील आज्या नातवंडांना जे शिकवतात त्याहून हे काही निराळे नव्हते. प्रायश्चित्त संस्कार घेऊन त्यांनी आपल्या गत आयुष्याचा हिशेब देवापुढे मांडला आणि पुढील काही वर्षे दुकान, घर आणि प्रार्थना अशी काढली. शेवटचे मूल गेल्यावर मात्र संसाराशी बांधणारा धागाच उरला नाही. त्यांनी येशूसंघात प्रवेश मागितला.

आणि त्यांना नकार मिळाला.

नकाराला कारणे होती. वय तिशीच्या उत्तरार्धात, शिक्षण अपुरे, आणि कठोर उपासतापासांनी प्रकृती खालावलेली. धर्मगुरू होण्यासाठी लॅटिन हवे. ते त्यांना येत नव्हते. धर्मबंधू म्हणून घ्यावे, म्हणजे ज्यांना आपण ब्रदर म्हणतो त्या पदासाठी, तर मठातील अंगमेहनत या शरीराला झेपणार नाही असे परीक्षकांचे मत पडले. तेव्हा उरलीसुरली मालमत्ता बहिणींना व गरिबांना देऊन अल्फान्सस व्हॅलेन्सियाला गेले. तेथील येशूसंघीय धर्मगुरू लुईस सांतांदेर हे त्यांचे आध्यात्मिक मार्गदर्शक. त्यांच्या सल्ल्याने, चाळिशीला टेकलेला हा माणूस लहान मुलांच्या बाकावर बसून लॅटिनची मुळाक्षरे गिरवू लागला. पोटासाठी दुसऱ्यांच्या घरी चाकरी केली. ज्याच्या दुकानात कधी नोकर होते त्याने हे केले. विद्या मात्र त्यांना प्रसन्न झाली नाही ती नाहीच.

दुसऱ्यांदा अर्ज गेला. परीक्षक पुन्हा नको म्हणाले. या वेळी निर्णय प्रांताधिकाऱ्यांच्या हाती होता आणि त्यांनी परीक्षकांचा कौल बाजूला सारला. परंपरा सांगते की प्रांताधिकाऱ्यांनी त्यांना असे सुचवले की हा गृहस्थ धर्मगुरू होण्यास पात्र नसेल, धर्मबंधू होण्यासही पात्र नसेल, तर निदान संत होण्यासाठी तरी त्याला आत घ्यावे. ३१ जानेवारी १५७१ रोजी अल्फान्सस धर्मबंधू म्हणून संघात आले.

येथे आम्हांला आपल्या वसईच्या संत गोन्सालो गार्सिया यांची आठवण होते. दोघे एकाच युगातले. गोन्सालोही व्यापारात होते, त्यांनाही येशूसंघाने आत घेतले नाही, आणि तेही धर्मगुरू न होता, फ्रान्सिस्कन संघात, धर्मबंधूच झाले. एकाला ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीच्या टेकडीवर क्रूस मिळाला, दुसऱ्याला एका दाराची किल्ली.

त्याच वर्षी अल्फान्सस यांची रवानगी मायोर्का बेटावरील पाल्मा शहरात झाली. तेथे मोंतेसिऑन, म्हणजे सियोन पर्वत, या नावाचे कॉलेज येशूसंघाने नुकतेच सुरू केले होते. पुढील शेहेचाळीस वर्षे, मृत्यूपर्यंत, ते त्याच वास्तूत राहिले. आरंभी पडेल ते काम केले आणि पुढे दाराची जबाबदारी त्यांच्याकडे आली. १५८५ साली, पन्नाशी उलटल्यावर, त्यांनी अखेरची व्रते घेतली.

द्वाररक्षकाचे काम म्हणजे काय, याची वाचकांनी जरा कल्पना करावी. कॉलेजात विद्यार्थ्यांची ये-जा. धर्मगुरूंना भेटायला येणारे सरदार, व्यापारी, पालक. आजाऱ्यासाठी धर्मगुरूला बोलवायला धापा टाकत आलेला कोणी. भाजी, दूध, लाकूडफाटा आणणारे. अन्नासाठी हात पसरून उभे असलेले भिकारी. प्रत्येकाला नाव विचारायचे, आत धावायचे, ज्याला बोलावले तो कोणत्या खोलीत आहे ते शोधायचे, तो नसेल तर परत येऊन तसे सांगायचे. निरोप विसरायचा नाही, एकाचा दुसऱ्याला द्यायचा नाही. त्यातच बाजारहाट आणि शहरातली कामे. प्रार्थनेला बसावे तर टकटक होणार, हे ठरलेले. ज्याला एकांताची आणि मननाची ओढ आहे अशा माणसाला याहून गैरसोयीचे काम शोधूनही सापडले नसते.

अल्फान्सस यांनी या गैरसोयीतून आपली वाट काढली. दारावर थाप पडली की बाहेर प्रभू येशू स्वतः उभा आहे असे मनात आणायचे, आणि मी आलो असे त्याला मनोमन सांगत दाराकडे निघायचे. असे ते दर वेळी करत. दार उघडल्यावर समोर व्हाइसरॉयचा निरोप्या असो, उनाड विद्यार्थी असो की फाटक्या वस्त्रांतील म्हातारी, चेहऱ्यावर स्मित तेच. अंतिम न्यायाच्या दाखल्यात, भुकेल्याला आणि परक्याला जे केले ते आपल्यालाच केले असे प्रभू सांगतो. तो दाखला आपण दर तीन वर्षांनी ख्रिस्तराजाच्या सणाला ऐकतो. अल्फान्सस यांनी त्यावर प्रवचन दिले नाही. दिवसातून पन्नास वेळा उठून दार उघडले.

वाचकांपैकी कोणी घरातली कामे करत जपमाळ म्हणत असतील त्यांना हे चांगले कळेल. काम आणि प्रार्थना यांत ओढाताण होते, आणि काम करताना मन देवाकडे ठेवायचे म्हटले तर दोन्ही बिघडतात असा आपला अनुभव असतो. अल्फान्सस यांचाही तसाच असावा, कारण हे त्यांना साधायला वर्षे लागली. त्यांच्या बोटांत जपमाळ सतत असे. उत्तरायुष्यात मात्र ते असे झाले की गर्दीत आणि धावपळीतही त्यांचे आतले ध्यान सुटेना.

हळूहळू लोक धर्मगुरूंना भेटायला येत आणि द्वाररक्षकाशी बोलून परत जाऊ लागले. धर्मशास्त्राचे विद्यार्थी, गावातले प्रतिष्ठित, दुःखाने पिचलेल्या विधवा, सारे त्या दाराशी थबकत. ते थोडे बोलत, पुष्कळ ऐकत. पत्नी आणि मुले गमावलेल्या माणसासमोर आपले दुःख मांडताना लोकांना संकोच वाटत नसावा. दुःखाच्या त्या वर्षांत त्यांनी जे गमावले होते ते असे दुसऱ्यांच्या कामी आले.

जाता जाता एक गोष्ट लिहावीशी वाटते. आपल्या धर्मग्रामांतही दारे आहेत. चर्चच्या ऑफिसचे दार, शाळेच्या मुख्याध्यापकांचे दार, दवाखान्याची खिडकी. बाप्तिस्म्याचा दाखला मागायला आलेला गडीमाणूस तिथे किती वेळ उभा राहतो आणि गाडीतून उतरलेला गृहस्थ किती वेळ, हे भाविक पाहत असतात. आम्हा धर्मगुरूंपेक्षा अधिक बारकाईने पाहत असतात. एखादा माणूस चर्चपासून दुरावतो तेव्हा त्याचे कारण धर्मतत्त्वात असतेच असे नाही. पुष्कळदा ते दारावर मिळालेल्या उत्तरात असते.

संतांची चरित्रे सांगताना फक्त गोड भाग सांगण्याची आपल्याकडे रीत आहे. ती येथे पाळली तर अल्फान्सस यांच्यावर अन्याय होईल. हसतमुखाने दार उघडणाऱ्या या माणसाच्या अंतरंगात वर्षानुवर्षे वादळे चालू होती. आपल्या हातून पाप तर झाले नाही ना, या शंकेने ते स्वतःला पोखरत. घाणेरडे मोह त्यांना छळत. प्रार्थनेत सांत्वन मिळे तसेच दीर्घ काळ कोरडेपणही वाट्याला येई. शरीराला त्यांनी दिलेले क्लेश तर अतोनात होते. त्यांचे अनुकरण कोणी करावे असे आम्ही म्हणणार नाही, आणि आजचा कोणताही शहाणा मार्गदर्शक तसे करू देणार नाही. त्यांच्या आज्ञापालनाच्याही अचाट कथा सांगतात. वृद्धपणी वरिष्ठांनी त्यांची परीक्षा पाहण्यासाठी इंडीजला जा असे फर्मावले, तेव्हा ते तसेच उठून दाराकडे चालू लागले आणि बंदरात जहाज नसेल तर पाण्यातून जाता येईल तेवढे जाईन अशा तयारीने निघाले होते, अशी एक कथा आहे. आजच्या वाचकाला हे भाबडेपणाचे वाटेल. वरिष्ठांनी म्हाताऱ्याची अशी परीक्षा पाहावी हे आम्हांलाही रुचत नाही. परंतु ज्याने स्वतःच्या मनाप्रमाणे जगण्याचा हक्क देवाच्या हाती खरोखर देऊन टाकला होता, त्याच्या दृष्टीने त्या आज्ञेत आणि दारावरच्या थापेत फरक नव्हता, एवढे लक्षात घ्यावे.

पाल्माबाहेर एका टेकडीवर बेलव्हेरचा किल्ला आहे. तेथे मिस्सा अर्पण करण्यासाठी जाणाऱ्या एका धर्मगुरूंना सोबत म्हणून अल्फान्सस उन्हातून चढ चढत होते, थकून घामाघूम झाले होते, तेव्हा मरियामातेने दर्शन देऊन आपल्या हाताने त्यांचा घाम पुसला, अशी परंपरा आहे. चित्रकारांना हा प्रसंग फार प्रिय. मरियेच्या निष्कलंक गर्भसंभवावर त्यांची नितांत भक्ती होती. ती श्रद्धा चर्चने १८५४ साली धर्मसिद्धान्त म्हणून जाहीर केली, परंतु त्याआधी अडीच शतके हा द्वाररक्षक तिच्या सन्मानार्थ असलेली लघुप्रार्थनाविधी दररोज म्हणत असे आणि इतरांना तिच्या प्रती करून देत असे.

१६०५ साली मोंतेसिऑनच्या दाराशी एक पंचविशीचा तरुण आला. नाव पीटर क्लेव्हर. कातालोनियातील शेतकरी कुटुंबातला, बुद्धिमान, पण आपण नेमके काय करावे याविषयी मनात संभ्रम असलेला. तत्त्वज्ञान शिकण्यासाठी त्याला येथे पाठवले होते. अल्फान्सस तेव्हा सत्तरी ओलांडलेले. या म्हाताऱ्या धर्मबंधूला दररोज थोडा वेळ भेटण्याची परवानगी त्या विद्यार्थ्याने वरिष्ठांकडून मिळवली. एकाने शास्त्रे वाचली होती, दुसऱ्याला लॅटिनही धड येत नव्हते; आणि शास्त्रे वाचलेला दुसऱ्याच्या पायाशी बसून शिकत होता.

अल्फान्सस यांनी त्याला एकच गोष्ट सांगून भंडावले असे म्हटले तरी चालेल : अमेरिकेला जा. समुद्रापलीकडे माणसे आहेत, त्यांची किंमत कोणाला नाही, आणि इकडे युरोपात पुष्कळ धर्मगुरू रिकामे बसले आहेत, असा त्यांच्या सांगण्याचा आशय असे. स्वतः ज्यांनी मायोर्काच्या पुढे पाऊल टाकले नव्हते त्यांचे डोळे तेथवर पोहोचले होते. निरोप घेताना त्यांनी क्लेव्हर यांना आपल्या आध्यात्मिक टिपणांची वही दिली. क्लेव्हर यांनी ती आयुष्यभर जपली.

१६१० साली क्लेव्हर जहाजाने निघाले आणि आजच्या कोलंबियातील कार्ताहेना बंदरात उतरले. आफ्रिकेतून साखळदंडांनी जखडून आणलेल्या स्त्री-पुरुषांच्या व्यापाराचे ते मोठे ठाणे होते. गुलामांचे जहाज धक्क्याला लागले की क्लेव्हर तळघरात उतरत, पाणी, फळे, औषधे नेत, जखमा धूत, दुभाष्यांच्या साहाय्याने बोलत. सुमारे चाळीस वर्षे त्यांनी हे केले आणि १६५४ साली तेथेच देह ठेवला. बाप्तिस्मा दिलेल्यांची संख्या तीन लाखांच्या घरात सांगतात. द्वाररक्षकाने समोर आलेल्या प्रत्येकात प्रभूला पाहिले. शिष्याने, ज्यांना माणूसच मानले जात नव्हते त्यांच्यात पाहिले. शिकवण तीच होती, दार तेवढे जहाजाचे होते.

वरिष्ठांच्या आज्ञेवरून अल्फान्सस यांनी १६०४ पासून आपल्या अंतर्जीवनाच्या आठवणी लिहून ठेवल्या. त्यांत भाषेचा डौल नाही, पुनरुक्ती भरपूर आहे, दाखले रोजच्या व्यवहारातले आहेत. कधी काळी दुकान चालवलेला माणूस लिहील तसे ते लिहिणे आहे. तरीही विद्वानांना त्यात शिकवणुकीची एकही चूक सापडली नाही. ही लेखने तीन खंडांत १८८५ ते १८८७ या काळात बार्सिलोनात पूर्णपणे प्रसिद्ध झाली.

शेवटची वर्षे आजारपणाची. हिंडणे-फिरणे थांबले, दाराचे काम दुसऱ्याकडे गेले, स्मृती दगा देऊ लागली. ज्या प्रार्थना हजारो वेळा म्हटल्या होत्या त्यांचे शब्दही आठवेनासे झाले. ज्यांच्या घरी असे वृद्ध आई-वडील आहेत त्यांना हे दृश्य ठाऊक आहे. शब्द गेल्यावरही येशू आणि मरिया ही नावे मात्र ओठांवर राहिली. ३१ ऑक्टोबर १६१७ रोजी येशूचे नाव उच्चारत त्यांनी प्राण सोडला. अंत्ययात्रेला व्हाइसरॉय आणि सरदार मंडळी आली, तसेच ज्यांना त्यांनी दारावर भाकर दिली होती ते गरीब आणि आजारीही लोटले.

मायोर्काच्या लोकांनी त्यांना तेव्हाच संत मानले आणि १६३३ साली बेटाचे आश्रयदाते म्हणून स्वीकारले. चर्चचा अधिकृत निर्णय मात्र फार लांबला. १७६० साली त्यांचे सद्गुण असामान्य असल्याचे जाहीर झाले, परंतु सात वर्षांतच येशूसंघीयांना स्पेनमधून हद्दपार करण्यात आले आणि १७७३ साली तर संघच विसर्जित झाला. १८१४ साली संघाचे पुनरुज्जीवन झाल्यावर काम पुन्हा हाती घेण्यात आले. १८२५ साली त्यांना धन्यवादित घोषित करण्यात आले आणि १५ जानेवारी १८८८ रोजी पोप तेरावे लिओ यांनी त्यांना संतपद बहाल केले. त्याच वर्षी इंग्रज येशूसंघीय कवी जेरार्ड मॅन्ली हॉपकिन्स यांनी त्यांच्या गौरवार्थ एक सुनीत रचले.

संतपदाच्या त्या सोहळ्यात त्यांच्यासोबत आणखी दोघा येशूसंघीयांची नावे उच्चारली गेली. एक तरुण वयात वारलेले बेल्जियमचे विद्यार्थी योहान बर्कमन्स. दुसरे पीटर क्लेव्हर. पाल्मा शहरातील मोंतेसिऑनच्या चर्चमध्ये अल्फान्सस यांचे अवशेष जपून ठेवले आहेत.